स्थलांतरितांच्या एलजीबीटी सौंदर्यस्पर्धा

मायदेश सोडून आलेल्या समलिंगी व ट्रान्सजेंडर व्यक्तींनी परक्या शहरात भरवलेल्या मुकुटस्पर्धा आणि ड्रॅगचे कार्यक्रम. ड्रॅग म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि हावभाव यांतून दुसऱ्या लिंगाचे रूप रंगमंचावर साकारणे. गाऊन, नृत्य, ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवणे, परीक्षकांचे प्रश्न आणि अखेरीस पट्टा व मुकुट, हा क्रम नेहमीच्या सौंदर्यस्पर्धेसारखाच असतो. मात्र निव्वळ नक्कल म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे ठरते. वस्तीतील कार्यकर्ते अनेकदा याच मंचावरून पुढे आले.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण ठळक आहे. तेथील कॅस्ट्रो भाग समलिंगींचे माहेरघर मानला जाई, पण लॅटिन अमेरिकी वंशाच्या पुरुषांना तिथल्या बारमध्ये दुजाभाव सोसावा लागे. म्हणून १९७९ मध्ये मिशन या स्पॅनिशभाषक वस्तीत, सोळाव्या रस्त्यावर ‘एस्ता नोचे’ हा बार सुरू झाला. २०१४ मध्ये बंद पडेपर्यंत तो स्पॅनिश गाण्यांवरच्या ड्रॅगचे हक्काचे ठिकाण होता.

ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या आदेला वाझ्केझ याच शहरातल्या. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी अमेरिकेत आले, त्यांत त्या होत्या. क्यूबाच्या सरकारने समलिंगींना ‘नकोसे’ ठरवून जाऊ दिले, तर समलिंगी परदेशी व्यक्तीला प्रवेश नाकारण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात १९९० पर्यंत कायम होती. दोन्ही देशांनी नाकारलेल्या माणसाला भर सभेत, टाळ्यांच्या गजरात मुकुट चढवला जातो, तेव्हा त्याचे मोल दागिन्याहून कितीतरी मोठे असते. वाझ्केझ यांनी १९९२ मध्ये ‘मिस गे लॅटिना’ हा किताब जिंकला. पुढे त्यांनी मिशनमधील ‘प्रोयेक्तो कॉन्त्रासिदा पोर विदा’ या संस्थेत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम केले.

फिलिपिनो स्थलांतरितांनी सौंदर्यस्पर्धेच्या जोडीला गावचा सणही सोबत आणला. मे महिन्यातील ‘सांताक्रूझान’ ही मिरवणूक संत हेलेनाला येशूचा क्रूस सापडल्याच्या स्मरणार्थ निघते; नटलेल्या राण्या एकामागून एक चालतात आणि सर्वांत मानाची असते रेना एलेना, म्हणजे राणी हेलेना. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील फिलिपिनो समलिंगींनी हीच मिरवणूक ड्रॅगमध्ये काढली. या राण्यांपैकी एक असलेल्या बायबलमधील ज्युडिथच्या हाती परंपरेने शत्रुसेनापतीचे छाटलेले मुंडके असते. इथल्या ज्युडिथच्या हाती तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे मुंडके होते. एड्सने माणसे जात असताना सरकार ढिम्म आहे, असा संताप त्या काळी शहरभर होता. सणाचा साचा तसाच ठेवून त्यात आजचा राग ओतण्याची ही हातोटी थोर म्हटली पाहिजे.

तेल अवीवमध्ये २००० नंतरच्या दशकात ‘पेपर डॉल्स’ नावाचा फिलिपिनो ड्रॅग गट होता. हा गट स्पर्धेचा नव्हता, पण घडण तीच. यातल्या बहुतेक जणी एरवी वृद्ध इस्रायलींची शुश्रूषा करत, त्या वृद्धांपैकी काही कर्मठ ज्यू घरांतले. म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायचे, भरवायचे, आणि सुट्टीच्या रात्री मंचावर उभे राहायचे. व्हिसा मालकाशी बांधलेला असल्याने वृद्धाचे निधन झाले की देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येई. काही जणी पुढे लंडनला कामाला गेल्या.