‘धीर सोडू नका’च्या पुढचं काम

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला येणारी माणसं हमखास एक वाक्य घेऊन येतात: ‘धीर सोडू नका, तुम्ही खंबीर आहात.’ हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यावर ‘हो’ म्हणण्यापलीकडे रुग्णाला काही बोलताच येत नाही. भीती वाटतेय, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, मुलांचं कसं होणार हा विचार सुटत नाही, हे सगळं पोटातच राहतं. समुपदेशन सुरू होतं ते दुसऱ्या टोकाकडून. तिथे आधी विचारतात, मग ऐकतात. धीर द्यायचाच झाला तर तो सगळ्यात शेवटी.

विचारायला एक साधं साधन वापरतात. कागदावर थर्मामीटरचं चित्र, तळाशी ०, वर १०. प्रश्न एकच: आजचा दिवस धरून गेल्या आठवडाभरात मनाला किती त्रास झाला? ४ किंवा त्याहून वरचा आकडा आला की पुढची चौकशी करायची. बाजूला अडचणींची यादी असते. पैसे, प्रवास, नोकरी, घरातली नाती, झोप, वेदना. खरं तर आकड्यापेक्षा ही यादीच जास्त कामाची. ७ सांगणाऱ्यानं फक्त प्रवासावर खूण केली असेल, तर त्याला आधी गाडीची सोय हवी, मानसोपचार नंतर. निदान झाल्यावर, उपचार बदलताना, ते संपल्यावर आणि आजार उलटला तर हे मोजमाप पुन्हा करावं लागतं. कागद भरून घेतला, फाइलला लावला आणि नंतर कोणी पाहिलाच नाही, हा यातला नेहमीचा घोळ. अशा मोजमापाचा रुग्णाला काडीचाही उपयोग नाही.

मनाचा त्रास म्हणजे लगेच नैराश्याचा आजार नव्हे. नैराश्य साधारण सहातल्या एका रुग्णाला होतं आणि ओळखायला अवघड असतं, कारण थकवा, भूक मरणं, झोप उडणं ही त्याचीच लक्षणं कॅन्सर आणि केमोही देतात. म्हणून १९८३ साली रुग्णालयांसाठी तयार झालेल्या १४ प्रश्नांच्या एका चाचणीत ही शारीरिक लक्षणं मुद्दाम गाळली आहेत. जाणकार समुपदेशकाचा भर वेगळ्या प्रश्नांवर असतो. पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमतं का? आपण निरुपयोगी, घरावर ओझं आहोत असं वाटतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज? जगणं नकोसं झालंय का, हेही थेट विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठायचं, रुग्णाला एकटं ठेवायचं नाही आणि घरातल्या वेदनाशामक गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा.

मनाचं दुखणं समजून शरीराचं कारण निसटू देणं, ही यातली महागडी चूक. केमोसोबत दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड संध्याकाळी घेतलं की रात्रभर टक्क जाग राहते, चिडचिड होते. डॉक्टरांना विचारून तो डोस सकाळी घेता येतो का ते बघावं. मानेवरच्या रेडिएशननंतर किंवा इम्युनोथेरपीनंतर (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला लावणारे उपचार) थायरॉइड मंदावून माणूस सुस्त, उदास दिसू लागतो. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की गोंधळ उडतो. आणि कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक गप्प झाला, सकाळी ओळखतो आणि दुपारी भलतंच बोलतो, तर ती उदासी नसून बहुधा मेंदूवर आलेला तात्पुरता गोंधळ असतो. तिथे समुपदेशक नव्हे, डॉक्टर हवेत, आणि तेही ताबडतोब.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून त्या बंद करणारे पुष्कळ. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन हे औषध चालू असेल तर पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं सहसा टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात प्रभावी रूपात जे रूपांतर व्हायचं असतं त्यात ती अडथळा आणतात. त्यामुळे चालू औषधांची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवी.

समुपदेशकाची खरी कसोटी लागते ती घरच्यांनी ‘त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ असं बजावल्यावर. वाद घालून इथे काही साधत नाही. आधी घरच्यांनाच विचारायचं: सांगितलं तर काय होईल असं वाटतं? ‘हाय खातील’ हे उत्तर ठरलेलं. मग विचारायचं, हे लपवताना तुमचे दिवस कसे जातायत? इथे बऱ्याचदा बांध फुटतो. तेव्हा गप्प बसता आलं पाहिजे. त्यानंतर परवानगी मागायची, रुग्णाला सांगण्याची नव्हे, फक्त विचारण्याची: ‘त्यांना आजाराबद्दल काय वाटतंय एवढंच मी विचारतो. त्यांना जाणून घ्यायचं नसेल तर मी काही सांगणार नाही.’ मग रुग्णाला विचारायचं, ‘तुम्हाला काय झालंय असं वाटतं?’ पुष्कळदा त्याला केव्हाच अंदाज आलेला असतो आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही तोंड मिटून असतो. ‘मला खोलात जायचं नाही, मुलीशी बोला’ असं कोणी म्हणालं, तर तोही त्याचा हक्क. तशी नोंद करून ठेवावी.

आता ‘मन खंबीर तर कॅन्सर पळतो’ याविषयी. १९८९ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या अभ्यासात, स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्यांना गटोपचार (रुग्णांनी गटात बसून मन मोकळं करण्याचे उपचार) मिळाले त्या सरासरी दीड वर्ष जास्त जगल्याचं दिसलं. खूप गाजावाजा झाला. २००१ साली २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात मात्र आयुष्य काही वाढलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना तेवढ्या कमी झाल्या. समुपदेशन करून घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे. आयुष्य वाढण्याचं आमिष दाखवलं की आजार उलटल्यावर रुग्ण स्वतःलाच दोष देतो: माझंच मन कमी पडलं. त्याला स्पष्ट सांगायला हवं की रडल्यानं किंवा घाबरल्यानं गाठ वाढत नाही.

उपचार संपल्यावर सगळे पेढे वाटायच्या मूडमध्ये असतात आणि नेमका तेव्हाच रुग्ण कोसळतो. आता रोज तपासणारं कोणी नसतं, प्रत्येक ठणक्यात आजार दिसतो. एकच जागा दिवसातून वीसदा चाचपली की ती दुखू लागते, आणि दुखतंय म्हणजे काहीतरी आहे अशी नवी भीती तयार होते. घरच्यांनी ‘काही नाही हो’ म्हटलेलं तासभर पुरतं. त्यापेक्षा कोणतं लक्षण किती दिवस टिकलं तर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं आणि चाचपायचं झालंच तर त्याला एक वार ठरवून द्यावा. स्कॅनच्या आधीच विचारून ठेवावं की रिपोर्ट कधी मिळेल आणि तो कोण समजावून सांगेल. रात्री अकराला मोबाइलवर आलेला रिपोर्ट एकट्यानं उघडायचा नाही, हेही तेव्हाच ठरवून टाकावं.