लढून उरलेल्या लाकडी नौका आणि त्यांचे सिनेमे

१९७६ साली आलेल्या ‘द ईगल हॅज लँडेड’ या चित्रपटात जर्मन नौदलाची म्हणून एक वेगवान टॉर्पेडो नौका दिसते. ती जर्मन नाही. ती ब्रिटिश नौदलाची एमटीबी (मोटार टॉर्पेडो बोट) १०२, आणि जिचं सोंग तिने घेतलंय त्या जर्मन ‘श्नेलबोट’पेक्षा बरीच तोकडी. श्नेलबोट पस्तीस मीटर लांब, ही जेमतेम एकवीस. नौकांची जाण असलेल्या प्रेक्षकाला हे लगेच खटकतं. पण दिग्दर्शक जॉन स्टर्जेस यांना दुसरी मिळणार कुठून? युद्ध संपून तीस वर्षं झाली होती आणि स्वतःच्या बळावर चालणाऱ्या असल्या नौका, मग त्या कोणत्याही देशाच्या असोत, बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

सोंग शत्रूचं असलं तरी या नौकेची स्वतःची कहाणी कुठल्याही पटकथेला भारी पडेल अशी आहे. १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य इंग्लंडला आणलं जात होतं, तेव्हा एमटीबी १०२ ने इंग्लिश खाडी ओलांडून आठ खेपा केल्या. १ जूनला जर्मन विमानांच्या हल्ल्यात ‘कीथ’ ही विनाशिका गेली. तिच्यावरून सूत्रं हलवणारे रिअर ॲडमिरल वेक-वॉकर या छोट्या नौकेवर आले. आता ॲडमिरल जिथे, तिथे त्याचा झेंडा फडकायला हवा. पण एवढ्याशा नौकेवर तो असणार कशाला? मग भांडी पुसायच्या फडक्यावर लाल रंग ओढून तिथल्या तिथे झेंडा तयार झाला. पुढे १९४४ साली नॉर्मंडीच्या स्वारीसाठी जमलेल्या ताफ्याची पाहणी चर्चिल आणि आयझेनहॉवर यांनी याच नौकेतून केली. एवढं करूनही ती कुठल्या संग्रहालयात गेली नाही. युद्धानंतर विकली गेली, कुणाची तरी हौसेची मोटारबोट झाली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉरफोकमधल्या सागरी स्काउटांच्या मुलांच्या हाती आली. चित्रपटवाल्यांनी तिची डागडुजी केली ती तिथून उचलून.

या नौका इतक्या कमी का उरल्या, याचं उत्तर त्यांच्या जन्मातच आहे. वेगवान मोटारबोटींचं वेड इंग्लंडमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. साउदॅम्प्टनजवळ हाइथ इथे ह्यूबर्ट स्कॉट-पेन शर्यतीच्या बोटी बांधत असे. अरबस्तानात नाव कमावलेले टी. ई. लॉरेन्स तेव्हा नाव बदलून हवाई दलात साधे शिपाई म्हणून नोकरी करत होते. १९३१ साली प्लिमथला एक समुद्री विमान त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळलं आणि हवाई दलाच्या मंद बोटी बुडणाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचू शकत नाहीत, हे त्यांच्या मनाला लागलं. पुढची काही वर्षं ते स्कॉट-पेनच्या कारखान्यात वेगवान लाँचांच्या चाचण्या घेत राहिले. तळ सपाट ठेवून पाण्यावर घसरत जाणारी ही बांधणी मग लष्करी कामाला लागली. पोर्ट्समथच्या व्हॉस्पर कंपनीने १९३७ साली, सरकारची मागणी नसताना, स्वतःच्या खर्चाने एक नौका बांधली. तीच पुढे एमटीबी १०२ झाली. तिचा वेग अठ्ठेचाळीस नॉट, म्हणजे ताशी जवळपास नव्वद किलोमीटर. १९३९ साली स्कॉट-पेनची एक नौका अमेरिकेतल्या एल्को कंपनीने विकत नेली. अमेरिकन पीटी (गस्ती टॉर्पेडो) बोटींच्या मोठ्या घराण्याची आजी ती. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या या नौका एकमेकींसारख्या दिसतात त्याचं कारण हेच.

वेग हवा तर वजन कमी हवं, म्हणून सगळं लाकूड. महोगनीच्या पातळ फळ्यांचे तिरपे दोन थर, मध्ये तेलात भिजवलेलं कापड, आत एल्मचा सांगाडा. इंजिनं पेट्रोलची. एमटीबी १०२ मध्ये इसोटा फ्रास्कीनी ही इटालियन इंजिनं होती. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ती मिळणं बंद झालं. नंतरच्या बहुतेक नौका अमेरिकन पॅकार्डवर आल्या. एका पीटी बोटीच्या टाक्यांत अकरा हजार लिटरहून जास्त पेट्रोल मावायचं, विमानाचं असतं तसं उंची. अशी नौका शांततेच्या काळात कोण बाळगणार? ती बांधली होती दोन-चार वर्षांच्या धुमश्चक्रीसाठी. लाकडाला कीड लागते, पेट्रोल परवडत नाही, आणि उसनवारी करारावर अमेरिकेकडून आलेली इंजिनं तर मुळात ब्रिटनची नव्हेतच.

म्हणून युद्ध थांबताच नौदलांनी त्यांच्यावरचा हात काढून घेतला. फिलिपिन्समध्ये सामार बेटाच्या किनाऱ्यावर अमेरिकेने १९४५ च्या अखेरीस शंभराहून अधिक पीटी बोटी ओढून आणल्या, इंजिनं-तोफा काढून घेतल्या आणि त्या सरळ पेटवून दिल्या. परत न्यायचा खर्च नौकेच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. ब्रिटनने आपल्या नौका लिलावात काढल्या. बॉम्बहल्ल्यांनी घरं गेलेल्या देशात त्यांची तरंगती घरं झाली. ज्यांची इंजिनं शाबूत होती त्यातल्या काही चोरट्या मालाच्या धंद्यात गेल्या. आज पोर्ट्समथमध्ये जपलेली एमजीबी ८१ ही गनबोटसुद्धा याच आरोपाखाली एकदा कस्टमच्या ताब्यात सापडली होती. निकोलस मोन्सरात यांच्या कथेवरचा १९५५ चा ‘द शिप दॅट डाइड ऑफ शेम’ हा चित्रपट याच वास्तवावर बेतलेला. त्यात जुने नौसैनिक आपलीच गनबोट विकत घेऊन तस्करी करतात आणि नौकेला ते सोसत नाही. लढाईच्या सिनेमांच्या गर्दीत हा एकच मला खरोखर नौकेबद्दलचा वाटतो.

युद्ध चालू असताना सिनेमाला नौकांची ददात नव्हती. जॉन फोर्डने १९४५ च्या सुरुवातीला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ‘दे वेअर एक्स्पेंडेबल’ चित्रित केला, तेव्हा अमेरिकन नौदलाने खऱ्या पीटी बोटी दिल्या. नायक रॉबर्ट माँटगोमेरी स्वतः अशा बोटींवर काम करून आलेला; फोर्डचा पाय मोडला तेव्हा काही दृश्यांचं दिग्दर्शनही त्यानेच केलं. गोष्ट १९४२ च्या पराभवाची आणि पडद्यावरच्या बोटी नंतरच्या बांधणीच्या, पण जातीने अस्सल. चित्रपट डिसेंबर १९४५ मध्ये लागला. सामारच्या होळ्या त्याच सुमाराच्या.

सतरा वर्षांनी चित्र पालटलं होतं. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने त्यांची पीटी-१०९ दुभंगली होती. तेरा जणांपैकी दोघे गेले, बाकीचे पोहत बेटावर पोहोचले आणि नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप दोन स्थानिक तरुणांनी, बियुकु गासा आणि एरोनी कुमाना यांनी, दोस्तांपर्यंत पोहोचवला. जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या मिरवणुकीत ‘१०९’ आकडा रंगवलेली एक बोट गाडीवरून फिरली. ती होती पीटी-७९६, दुसऱ्याच कंपनीची. वॉर्नर ब्रदर्सने १९६२ साली फ्लोरिडात ‘पीटी १०९’ चं चित्रीकरण सुरू केलं तेव्हा तर ऐंशी फुटी एल्को बोटी कामापुरत्याही मिळेनात. हवाई दलाच्या बचाव लाँच घेऊन त्यांना पीटी बोटींचा साज चढवला गेला. म्हणजे गोष्ट देशाच्या राष्ट्राध्यक्षाची, काळ अवघ्या वीस वर्षांपूर्वीचा, आणि तरीही मुख्य पात्र बदली.

टीव्हीवर त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मॅकहेल्स नेव्ही’ या विनोदी मालिकेतली पीटी-७३ देखील अशीच आडवळणाने आलेली. ती रशियाला पाठवायच्या व्हॉस्पर पद्धतीच्या नौकांपैकी, युद्ध संपल्यामुळे अमेरिकेतच राहिलेली. मधल्या काळात ती अमेरिकन उद्योगपती हॉवर्ड ह्यूजच्या अजस्र लाकडी विमानाच्या दिमतीला होती. मालिका संपल्यावर विकली गेली आणि अखेर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. सिनेमाने नौका वाचवल्या असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बोट आठवावी. कॅमेरा हलला की तो नौकेचा वाली राहत नाही. ती टिकते ते तिला दुसरं एखादं, बहुधा कमी मानाचं, काम मिळालं म्हणून.

त्याची उदाहरणं हवी तेवढी. न्यू ऑर्लीन्सच्या हिगिन्स कारखान्यातली पीटी-३०५ भूमध्य समुद्रात लढली, तीन शत्रुनौका बुडवल्या. नंतर ती चेसापीकच्या उपसागरात कालवं गोळा करत होती. परवानाधारक कप्तान ठेवायची सक्ती पासष्ट फुटांपुढच्या नौकांना, म्हणून मालकाने तिचा मागचा तेरा फुटांचा भाग चक्क कापून टाकला. स्वयंसेवकांनी तो पुन्हा बांधून २०१७ साली ती पाण्यात उतरवली. एप्रिल १९४४ मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या लाइम उपसागरात अमेरिकन सरावाच्या ताफ्यावर तुटून पडलेल्या, शेकडो सैनिकांचा जीव घेणाऱ्या जर्मन टोळीतली एस-१३० वाचली ती ब्रिटिश हेरखात्यामुळे: युद्धानंतर बाल्टिकच्या किनाऱ्यावर रात्री हेर उतरवायला तिच्यापेक्षा शांत आणि वेगवान काही नव्हतं. श्नेलबोटींपैकी आज तेवढी एकच शिल्लक आहे. ब्रिटनच्या शेटलंड बेटांतून जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेच्या किनाऱ्यावर माणसं आणि शस्त्रं पोहोचवणारी ‘हित्रा’ ही नौका १९८१ साली स्वीडनमध्ये बेवारस सापडली. तिच्या सहकाऱ्यांच्या पराक्रमावर १९५४ सालीच चित्रपट निघाला होता आणि त्यात लाइफ लार्सन या नाखव्याने स्वतःचीच भूमिका केली होती. माणूस पडद्यावर आला, नौका मात्र अजून सापडायची होती.

आपल्याकडच्या नौदलाचाही या घराण्याशी संबंध आहे. रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटार लाँच ब्रह्मदेशातल्या अराकानच्या चिखलखाड्यांत जपान्यांशी लढल्या, आणि त्या नौदलात रत्नागिरीकडची कितीतरी मुलं होती. ती लढाई इंग्रजी सिनेमाने फारशी मनावर घेतली नाही.

मूळ पॅकार्ड इंजिनांवर अजून धावणारी पीटी-६५८ ऑरेगनमधल्या पोर्टलंडला आहे. जुन्या पीटी खलाशांनी म्हातारपणी तिच्यावर हात चालवून ती उभी केली. ती जुलै १९४५ मध्ये तयार झाली; एकही लढाई तिने पाहिली नाही, आणि युद्धानंतर बरीच वर्षं कॅलिफोर्नियात नौदलाच्या क्षेपणास्त्र चाचण्यांच्या मागेपुढे धावत राहिली.