महाविद्यालयीन आवारातील बाह्य प्रदीपन

महाविद्यालयाच्या आवारातील रस्ते, पायवाटा, वाहनतळ आणि वसतिगृह व ग्रंथालय यांकडे जाणारे मार्ग यांवर सूर्यास्तानंतर राखावयाच्या प्रकाशाचे निकष. येथील उदाहरणे सोलापूरची आहेत. व्यवहारात हे आकडे सार्वजनिक रस्त्यांच्या मानकांवरून उसने घेतले जातात आणि मतभेदाचे मूळ तिथेच आहे.

आयएस 1944 (भाग 1 व 2, 1970) या भारतीय मानकात रस्त्यांचे वर्ग केलेले आहेत. त्यांत ब1 वर्गासाठी सरासरी 8 लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक), तर कमी वर्दळीच्या ब2 साठी 4 लक्स प्रदीपन सांगितले आहे. किमान व सरासरी यांचे गुणोत्तर दोन्हींत 0.3 आहे. म्हणजे सरासरी 8 असेल, तर सर्वांत अंधाऱ्या ठिकाणीही 2.4 लक्स हवेत. (पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्सच्या आसपास भरते.) वसतिगृहाची वाट ब1 धरावी की ब2, याविषयी एकमत नाही. वर्दळ मोजली तर ती ब2 ठरते. मात्र मानकातील वर्गवारीचा पाया वाहने हा आहे आणि येथे माणसे चालतात.

म्हणून आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाचे पादचारी वर्ग (सीआयई 115 : 2010) अधिक लागू पडतात. त्यांतील पी4 वर्गात जमिनीवर सरासरी 5 व किमान 1 लक्स अपेक्षित आहे. चेहरा ओळखणे आवश्यक असेल तेथे दीड मीटर उंचीवर उभ्या पातळीत, म्हणजे समोरून चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडात, किमान 1.5 लक्सची जोड दिलेली आहे. हीच जोड निविदांतून सहसा गळते. लक्समीटर जमिनीवर ठेवून घेतलेले आकडे उत्तम येतात, पण दिवा नेमका डोक्यावर असल्याने समोरून येणाऱ्याच्या कपाळाखाली सावली राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ (2013) अहवालाने विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी पुरेशा उजेडाचा आग्रह धरला आहे. मात्र तो अहवाल धोरणाचा आहे, लक्स मोजणीचा नव्हे.

पांढरा उजेड की पिवळा, हा दुसरा वाद. मंद प्रकाशात डोळ्याची निळसर छटांविषयीची संवेदनशीलता वाढते, हे सीआयई 191 : 2010 मध्ये गृहीत धरले आहे. त्या आधारे पांढऱ्या एलईडीला झुकते माप मिळाले. तथापि 3000 केल्व्हिनच्या (प्रकाशाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका कमी तितकी छटा पिवळसर) आसपासचा उबदार पांढरा दिवा हा मध्यममार्ग अनेकांना मान्य आहे. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली दुचाकीचा रंगही ओळखू येत नसे, हे जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

सोलापूरच्या हवामानामुळे काही बाबी वेगळ्या होतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) खांबावर दिवसभर तापतो. त्यामुळे फिटिंग कोणत्या तापमानासाठी केलेले आहे, हे पाहावे लागते. काचेवर धूळ बसते. देखभाल गुणांक (धूळ व जुनेपणामुळे सुरुवातीच्या उजेडापैकी उरणारा हिस्सा) 0.7 धरला, तर 8 लक्स टिकवण्यासाठी सुरुवातीला सुमारे 11.4 लक्स द्यावे लागतात. येथे डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या आत मावळतो, तर जूनअखेरीस सातनंतर. एकदा लावून ठेवलेला टायमर म्हणूनच थंडीत तासभर अंधार करतो. कडुनिंबाच्या फांद्या दिव्याखाली आल्या की आराखड्यातले आकडे कागदावरच राहतात. छाटणी हा प्रदीपनाच्या देखभालीचाच भाग समजावा.

दयानंद (1940), संगमेश्वर (1953) यांसारख्या शहरातील जुन्या महाविद्यालयांना भोवतालच्या रस्त्यांचा उजेड काही अंशी मिळतो. पुणे महामार्गालगत केगाव येथे असलेल्या विद्यापीठासारख्या (स्थापना 2004) विस्तीर्ण आवारात मात्र स्वतःच्या खांबांवरच भिस्त असते.

आकाशाकडे सांडणाऱ्या उजेडाचा विचार महाराष्ट्रात अलीकडचा आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेले क्षेत्र) ही मान्यता मिळाली. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडील आवारांत वर उजेड न टाकणारी, पूर्ण झाकलेली फिटिंग्ज घेणे इष्ट.