पायजम्याच्या कारखान्यातला प्रयोग

ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येणार किंवा दोन विभाग एकत्र होणार असं ठरलं, की एचआरच्या सादरीकरणात एक वक्ररेषा हमखास दिसते: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. हे पाच टप्पे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडले, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. सगळी माणसं याच क्रमाने जातात, याला पुढच्या संशोधनात भक्कम आधार मिळाला नाही. तरी व्यवस्थापनाला ही रेषा आवडते. कर्मचारी चिडला की ‘तो सध्या रागाच्या टप्प्यावर आहे’ म्हणायचं, म्हणजे तो काय म्हणतोय ते ऐकायला नको!

त्यापेक्षा लेस्टर कॉख आणि जॉन फ्रेंच या संशोधकांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवूड कंपनीत पायजमे शिवले जात. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, भांडणं होत, बायका काम सोडून जात. बदल तसा किरकोळच असे. उदाहरणार्थ, इस्त्रीवाल्या कामगार सहा-सहा नग पुठ्ठ्यावर रचत. आता ते खोक्यात रचायचे. या १८ जणींना बैठकीत कारण सांगितलं, नगामागे मजुरीचा नवा दर सांगितला, शंकांना उत्तरं दिली. निर्णय मात्र आधीच झालेला. ताशी ६० एककं काम हे अपेक्षित प्रमाण. त्यांचं काम ५० च्या आसपास आलं आणि तिथेच अडकलं. पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जणी सोडून गेल्या.

घडी घालणाऱ्या गटापुढे दोन सारखेच कपडे ठेवले. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती, पण स्वस्त कुठला ते कुणालाच ओळखता येईना. खर्च का कमी करायचा, हे वेगळं समजावावं लागलं नाही. मग या गटाने प्रतिनिधी निवडले आणि नवी पद्धत व दर ठरवण्यात ते बसले. दोन आठवड्यांत काम पूर्वपदावर. कपडे तपासणाऱ्या दोन लहान गटांत तर सगळ्याच जणी चर्चेत होत्या. त्यांचं उत्पादन जुन्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेलं. या तिन्ही गटांतून त्या ४० दिवसांत कुणीही काम सोडलं नाही.

हा केवळ स्वभावाचा फरक असेल का? इस्त्रीच्या गटातल्या उरलेल्या १३ जणींना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून नवं काम दिलं. या वेळी त्यांना विचारून. त्याच बायकांचं उत्पादन भराभर वर चढलं.

म्हणून लगेच सूचनापेटी टांगू नये. १९६० मध्ये नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात असाच प्रयोग झाला. तिथे कामगारांना विचारलं ते दुय्यम बाबींत, आणि उत्पादनात फरक दिसला नाही. पडदे कुठल्या रंगाचे हवेत हे विचारणं म्हणजे सहभाग नव्हे, हे कामगाराला व्यवस्थापकाच्या आधी कळतं.