खतानं ट्युलिप डबल होत नाही

मार्च संपत आला की काश्मीरला गेलेल्या नातेवाइकांचे फोटो मोबाइलवर यायला लागतात. दल सरोवराजवळच्या ट्युलिप बागेतले ते रंगीत पट्टे आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. त्यातच एखादा फोटो वेगळा निघतो: देठ ट्युलिपचा, पानं ट्युलिपची, पण वर गुलाबासारखं भरगच्च फूल. हे डबल ट्युलिप. फोटोखाली चर्चा सुरू होते आणि कोणीतरी खात्रीनं सांगतं, "खताचा मारा असतो हो. डीएपी दाबून घातलं की सिंगलचं डबल होतंय."

हा समज साताऱ्यात आणि सांगलीत मी इतक्यांदा ऐकलाय, की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. खतानं फूल मोठं होतं, फुलं जास्त येतात, रंग तजेलदार होतो. पाकळ्यांची संख्या मात्र वेगळ्याच ठिकाणी ठरते, आणि ती जागा फार सुंदर आहे.

आधी परसातली डबल जास्वंद तोडून आणा. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, मधून एक लांब नळी निघते आणि त्या नळीवर पुंकेसरांचे पिवळे ठिपके असतात. डबल जास्वंदीच्या पाकळ्या बाहेरून आत एकेक करून सोलत चला. आत जाल तशा त्या अरुंद आणि वेड्यावाकड्या होतात. मग एखादी अशी सापडते, जिच्या लाल कडेला पिवळा परागकोश चिकटलेला असतो. बोट लावलं तर परागही लागतात. ही अर्धी पाकळी आहे आणि अर्धा पुंकेसर. डबल फुलातल्या जादा पाकळ्या बहुतेक वेळा अशा, पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात. जर्मन कवी गटेनं 1790 साली वनस्पतींच्या रूपांतरावर पुस्तिका लिहिली, तेव्हा त्याच्याही डोळ्यांसमोर अशीच फुलं होती. (झेंडू आणि शेवंती यातून वगळा. तिथं आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो, त्यामुळं त्यांचं डबल होणं निराळं.)

पुंकेसराची पाकळी होते कशी? शाळेत आपण फुलाची चार मंडलं शिकलो: बाहेरून निदलपुंज (निदलं), दलपुंज (पाकळ्या), पुमंग (पुंकेसर) आणि मधोमध जायांग (स्त्रीकेसर). कोवळ्या कळीतल्या पेशींना आपण कोणत्या मंडलात आहोत हे जनुकं सांगतात. एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी 1991 साली मांडलेल्या नमुन्यात या जनुकांचे तीन गट आहेत: ए, बी आणि सी. नुसतं ए चालू असेल तर निदल. ए आणि बी मिळून पाकळी. बी आणि सी मिळून पुंकेसर. नुसतं सी म्हणजे स्त्रीकेसर. तीन गटांत चार अवयव बसले.

यात ए आणि सी यांचं वैर आहे. एक जिथं चालू तिथं दुसरा बंद. आपल्याकडं बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांसारखंच हे. एकजण शेतात यायचा बंद झाला, की दुसरा बांध कोरत कोरत त्याच्या रानात शिरतो. सी बंद पडला की ए आत सरकतो. तिसऱ्या मंडलात बी आणि सी होते, तिथं आता बी आणि ए आहेत. म्हणजे पुंकेसराऐवजी पाकळी!

पण एवढ्यानं भरगच्च फूल होत नाही. फुलात सहा पुंकेसर असतील तर ते गेले, सहा पाकळ्या आल्या, हिशेब तिथंच संपायला हवा. सी गटाकडं आणखी एक काम असतं, आणि मला स्वतःला तेच सर्वांत विलक्षण वाटतं. कळीच्या टोकाशी मूलपेशींचा छोटा पुंजका असतो. तो नवे अवयव काढतच राहतो, कारण वुशेल नावाचं जनुक त्याला जागं ठेवतं. फूल कधीतरी पुरं व्हायचं तर वुशेल बंद व्हायला हवं, आणि ते बंद करवतो सी गट. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात हे बारकाईनं तपासलंय. तिथलं सी गटाचं जनुक नकल्स नावाच्या दुसऱ्या जनुकाला चालू करतं आणि नकल्स वुशेलला गप्प बसवतं. मात्र नकल्स लगेच चालू होत नाही. त्याच्यावर रासायनिक खुणांचं कुलूप असतं. सी गटाचं प्रथिन ते कुलूप लावणाऱ्यांना तिथून हटवतं. मग पेशी विभागत जाते तशा उरलेल्या खुणा विरळ होतात आणि साधारण दोन दिवसांनी नकल्स जागं होतं. त्या दोन दिवसांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर घडायला लागणाऱ्या पेशी तयार होऊन जातात. थांबण्याचा हुकूम द्यायचा, पण काम उरकण्यापुरता उशीर ठेवून! सी गटच मोडला तर हा हुकूम येतच नाही. मग फुलाच्या पोटात पुन्हा निदल, पाकळ्या, पाकळ्या, आणि परत तेच.

काही घरांत जास्वंदीच्या फुलात फूल उमललं की तो गणपतीचा कौल मानतात आणि झाडाला हळदकुंकू वाहतात. झाडाची पूजा करा, त्यात वाईट काही नाही. पण फुलात फूल येतं ते मूलपेशी वेळेत न थांबल्यामुळं. त्यावरून कोणाचं लग्न किंवा नोकरी ठरत नाही.

ट्युलिपमध्ये थोडा फरक आहे. त्याची बाहेरची तीन निदलं आणि आतल्या तीन पाकळ्या सारख्याच रंगीत असतात, कारण त्यात बी गट पहिल्या मंडलातही चालू असतो. त्यांच्या आत सहा पुंकेसर आणि तीन कप्प्यांचा अंडाशय. आणि हे सगळं कंदाच्या पोटात, आदल्या उन्हाळ्यातच घडून गेलेलं असतं. हॉलंडमध्ये जून-जुलैत कंद काढून गोदामात ठेवतात, तिथं त्यांच्या आत कळी तयार होते. उत्पादक नमुन्याचे कंद कापून भिंगाखाली बघतात आणि जायांग दिसल्यावरच थंडी द्यायला सुरुवात करतात. आपल्या हातात कंद ऑक्टोबरात पडतो, तोवर पाकळ्यांचा निकाल लागलेला असतो. तुम्ही डीएपी घाला की शेणखत, मोजणी संपलीय.

रानात अशी फुलं टिकत नाहीत. कास पठारावरचा तेरडा बघा, साधं फूल आणि मधमाशीला वाट मोकळी. अंगणातल्या गुलतेवड्याच्या डबल जाती आहेत, पण त्या माणसानं निवडून जपल्या. पुंकेसरच पाकळ्या झाले तर पराग कुठून येणार? ट्युलिपचं डबलपण कंदाच्या पिल्लांतून चालत राहतं. म्हणून ऑनलाइन 'निळ्या डबल ट्युलिपच्या बिया' दिसल्या तर पैसे घालू नका. खरा निळा ट्युलिप कुठंच नाही, आणि बियांपासून ट्युलिप फुलायला पाच-सहा वर्षं लागतात.

साताऱ्यात कंद लावायचेच असतील तर मुख्य अडचण थंडीची आहे. कळी तयार असली तरी देठ लांबायला 12 ते 15 आठवडे साधारण 5 अंश तापमान लागतं. वेण्णा तलावाकाठी दवाचं हिम झालं की 'मिनी काश्मीर'च्या बातम्या येतात, पण ती थंडी चार-दोन पहाटेची. दुपारी ऊन असतंच. त्यामुळं कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. त्या फ्रिजात सफरचंद, चिकू, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि आतली कळी जागीच करपते. जानेवारीत भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत लावा आणि दुपारचं ऊन टाळा. 'मॉन्टे कार्लो'सारखी लवकर फुलणारी पिवळी जात घ्या, उशिराच्या जाती उन्हाच्या तडाख्यात सापडतात. थंडी कमी पडली तर फूल पानांतच अडकून बसतं. डबल फूल जड असतं, तेव्हा देठाला काडीचा आधार द्या.

पुढच्या वर्षी तोच कंद फुलेल अशी आशा धरू नका. फुलल्यावर मूळ कंद संपतो आणि पिल्लं पोसायला हिरवी पानं बरेच आठवडे टिकावी लागतात. आपल्याकडं मार्चच्या उन्हात ती आधीच वाळतात. दरवर्षी नवे कंद घ्यायची तयारी नसेल तर निशिगंधाचे लावा. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेच्या 'सुवासिनी' ही डबल आणि 'वैभव' ही अर्धडबल अशा जाती आहेत, त्यांना फ्रिज लागत नाही आणि त्या आपल्या उन्हात वाढतात.