रुबार्बची अंधारवाढ

रुबार्ब या बहुवर्षायू वनस्पतीचा जमिनीतील गड्डा हिवाळ्याच्या उत्तरार्धात झाकून, उजेड पूर्ण बंद करून त्याला वेळेआधी कोंब फोडायला लावण्याची परसबागेतील पद्धत. इंग्लंडमध्ये उघड्यावरचे रुबार्ब साधारण एप्रिलपासून काढणीला येते. झाकलेल्या गड्ड्याचे देठ त्याच्या कित्येक आठवडे आधी मिळतात. शिवाय ते कोवळे, गुलाबी आणि कमी तुरट-आंबट असतात. मुंबईत ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिचे तत्त्व मात्र इथल्या घरांत वेगळ्या रूपात वर्षानुवर्षे चालू आहे.

रुबार्ब आपल्या आंबट चुक्याच्या कुलातले. खायचा तो फक्त देठ. पानात ऑक्झॅलिक आम्ल व इतर घातक द्रव्ये असल्याने पाने विषारी धरली जातात. भाजी असूनही देठ साखरेत शिजवून फळासारखे खाल्ले जातात. याच प्रजातीतील हिमालयात वाढणाऱ्या जातींचे वाळलेले मूळ काष्ठौषधीच्या दुकानात रेवाचिनी म्हणून मिळते व ते रेचक आहे. मुंबईकराची या वनस्पतीशी ओळख असलीच तर बहुधा या मुळामुळे, देठामुळे नव्हे.

उन्हाळाभर मोठमोठी पाने जे अन्न तयार करतात ते गड्ड्यात साठते. थंडीत पाने मरतात, गड्डा सुप्तावस्थेत जातो. ही झोप मोडायला काही आठवड्यांची सलग थंडी लागते, आणि सगळी गोम इथेच आहे. थंडीचा वाटा पुरा झाल्याशिवाय गड्डा झाकला तर कोंब येत नाहीत किंवा रोडके येतात. म्हणून व्यावसायिक उत्पादक शरद ऋतूपासून जमिनीचे तापमान रोज मोजून ठरावीक मर्यादेखालच्या अंशांची बेरीज ठेवतात. ‘टिम्परली अर्ली’सारख्या आगाप वाणांना कमी थंडी पुरते, ‘व्हिक्टोरिया’ला बरीच जास्त लागते. थंडी पुरी झाल्यावर अंधार आणि थोडी ऊब मिळाली की डोळे फुटतात आणि देठ उजेडाच्या शोधात लांबत जातात. हरितद्रव्य तयार होत नाही, तंतू जाड होत नाहीत, पान पिवळे आणि चुरगळलेले राहते. गड्ड्यातला साठा जवळजवळ सगळा देठात उतरतो. मुदत ठेव मोडून खाण्याचाच हा प्रकार, आणि त्याचे परिणामही तसेच.

त्यामुळे घरच्या बागेत निदान दोन-तीन वर्षांचा धडधाकट गड्डाच यासाठी निवडतात. डिसेंबर-जानेवारीत त्यावरची मेलेली पाने काढून सुका पेंढा टाकायचा आणि वर बादली, पिंप किंवा खास या कामासाठी बनवलेले भाजक्या मातीचे उंच, झाकणाचे भांडे उपडे घालायचे. एखादे भोक राहिले तर ते बुजवायचे, कारण तेवढ्या उजेडानेही रंग बिघडतो. भोवती ताज्या शेणखताचा ढीग केला तर त्याच्या उष्णतेने काम लवकर होते. सुमारे आठ आठवड्यांत देठ भांड्याच्या उंचीला लागतात. ते सुरीने कापत नाहीत, कारण उरलेले बुंधे कुजतात. तळाशी धरून पीळ देत ओढून काढतात. त्यानंतर गड्ड्याला निदान एक-दोन वर्षे पुन्हा झाकत नाहीत. हा नियम मोडणारे बरेच असतात आणि पुढच्या वर्षी रोपाला दोष देतात.

ही युक्ती १९व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये अपघाताने सापडली असे सांगतात : मातीच्या ढिगाखाली गाडल्या गेलेल्या गड्ड्याला फिकट, चविष्ट कोंब आले. तिचा धंदा उभा राहिला तो यॉर्कशरमध्ये, वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्या दरम्यानच्या सुमारे २३ चौरस किलोमीटरच्या ‘रुबार्ब त्रिकोणा’त. तिथे गड्डे दोन वर्षे शेतात, देठ न काढता वाढवतात. लोकर गिरण्यांतला टाकाऊ माल खत म्हणून जवळच मिळे, आणि शेड तापवायला कोळसाही. थंडी खाल्लेले गड्डे उपटून लांबलचक अंधाऱ्या शेडमध्ये मांडतात. काढणी मेणबत्तीच्या उजेडात होते. शांतता असेल तर डोळे फुटताना होणारा कटकट आवाज ऐकू येतो. पीक निघाल्यावर रिकामे झालेले गड्डे टाकून देतात. २०१० मध्ये युरोपीय संघाने या रुबार्बला संरक्षित भौगोलिक नाव दिले.

मुंबईत अंधार आणि ऊब हवी तेवढी आहे, नाही ती थंडी. सांताक्रूझला जानेवारीतले सरासरी किमान तापमान १७ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि कुलाब्याला त्याहून थोडे जास्तच. रुबार्बला हवी ती अवस्था मात्र पाच अंशांच्या आगेमागे कित्येक आठवडे राहिल्यावर येते. ऑनलाइन मागवलेले बी ऑक्टोबरात कुंडीत रुजते, हिवाळाभर रोप बरे दिसते; मे महिन्याच्या उकाड्यात ते मान टाकते आणि उरलेसुरले पावसात कुजते. गरम प्रदेशांत म्हणूनच ते एका हंगामापुरते लावतात. तेवढ्या काळात झाकण्याजोगा गड्डा तयार होत नाही. फ्रिजमध्ये गड्डा ठेवून थंडी देण्याची कल्पना तत्त्वतः चुकीची नाही, पण तयार गड्डा आणायचा कुठून?

थंडीची अट नसलेल्या साठ्यावर मात्र हेच तंत्र इथे चालते. नवरात्रातली घटस्थापना हे त्याचे घरोघरचे उदाहरण. आश्विन शुद्ध प्रतिपदेआधी दादरच्या फुलबाजारात परडी, माती आणि धान्याच्या पुड्या घेऊन बायका बसलेल्या असतात. चाळीतल्या किंवा फ्लॅटमधल्या देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सात किंवा नऊ धान्ये पेरली जातात. कोपरा जितका अंधारा, तितके अंकुर लांब आणि पिवळे. दसऱ्याला ते देवाला वाहून टोपीत, केसांत खोवतात.

खाण्यासाठी करायचे तर अळकुड्या घ्याव्यात. रुबार्बप्रमाणे अळूचाही देठ खातात, त्यातही ऑक्झॅलेट असते आणि त्याला उकाडा आवडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अळूचे असे अंधारात वाढवलेले पांढरे कोंब भाजी म्हणून पुढे आणले होते. ते तिथे फारसे रुजले नाहीत. ओलसर वाळूच्या खोक्यात खाण्याच्या अळूच्या मोठ्या अळकुड्या डोळा वर करून पुरायच्या, वर दुसरे खोके उपडे घालायचे, वाळू सुकू द्यायची नाही. कोंब वीतभर झाले की काढायचे. पांढरे झाले तरी त्यांची खाज जात नाही. आधी उकळून पाणी टाकून द्यायचे आणि मग चिंच घालून नीट शिजवायचे.