कमल बस्ती

बेळगावच्या भुईकोट किल्ल्यातील जैन मंदिर. कन्नड ‘बसदि’ या शब्दापासून ‘बस्ती’ हे रूप आले असून त्याचे मूळ संस्कृत ‘वसति’, म्हणजे निवास, असे मानतात. मुनींच्या वास्तव्याची ही जुनी छटा आज मंदिरापेक्षा नावातच अधिक शिल्लक आहे.

सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य याची राजधानी वेणुग्राम (बेळगाव) येथे होती. त्याचा अधिकारी बीचिराज (बीचण) याने ‘रट्ट-जिनालय’ बांधले आणि राजाने धाकटा भाऊ मल्लिकार्जुन याच्यासह तेथील आचार्य शुभचंद्र भट्टारक (भट्टारक म्हणजे जैन मठाधिपती) यांना दान दिले, असे किल्ल्यातील कन्नड शिलालेखांवरून कळते. भट्टारकाच्या हाती दान सोपवले जाते, त्यावरून येथे पूजास्थानाबरोबर मठाची व्यवस्थाही असावी. लेखांतील शक ११२७ हे वर्ष गत (पूर्ण झालेल्या वर्षांची गणना) धरल्यास १२०५-०६ येते. परंतु सोबतचे रक्ताक्षी संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातील वर्षनाम) त्याच्याशी जुळत नाही. वर्तमान शक (चालू वर्ष धरून केलेली गणना) मानल्यास संवत्सर जुळते आणि पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रांत ही तिथी २५ डिसेंबर १२०४ रोजी पडते. हेच गणित अधिक ग्राह्य वाटते. शिलालेख मात्र जागेवर नाहीत, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे रट्ट-जिनालय म्हणजे नेमकी हीच बस्ती, की शेजारची भग्न चिक्की बस्ती, हे केवळ लेखांवरून ठरत नाही; रूढ मत कमल बस्तीच्या बाजूचे आहे. छतातील लोंबत्या दगडी कमळावरून तिला हे नाव पडले. गर्भगृहात बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची मूर्ती आहे.

बहमनी वजीर महमूद गावानने १४७२ मध्ये (काहींच्या मते १४७३) बेळगाव घेतल्यावर किल्ल्याचे लष्करी रूप ठळक झाले. पुढे आदिलशाही सरदार असदखान लारीने साफा मशीद बांधली (सु. १५१९), तटबंदीत व मशिदीत जुन्या देवळांचे दगड वापरले गेल्याचे सांगतात. किल्ल्यात एकेकाळी १०८ जैन देवळे होती, ही मात्र दंतकथाच समजावी. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस याने १८७४ साली या भागाची पाहणी केली. त्या काळात एक बस्ती लष्करी रसदखात्याच्या कोठाराच्या आवारात होती. देवळाच्या दृष्टीने ही अडगळच, पण भिंती उभ्या राहण्यास तिची मदत झाली असावी.

कमल बस्ती आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. किल्ल्याचा बराच भाग लष्कराकडे असून, १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद जेथे उतरले होते त्या घराच्या जागी रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे.